पातेल्याचा पहारा

दूध तापत ठेवून दाराशी आलेल्या माणसाशी चार शब्द बोलण्यास गेलेली गृहिणी परत येईपर्यंत पातेल्यात काय काय घडते, हे ज्याने एकदा तरी ओट्याजवळ स्वस्थ उभे राहून पाहिले असेल, त्याला दुधाचे उतू जाणे ही आकस्मिक घटना वाटणार नाही. प्रथम काठाशी बारीक फुगे धरतात, मग सायीचा पातळ पापुद्रा जमतो, त्या पापुद्र्याखाली वाफ कोंडू लागते, दुधातील प्रथिनांमुळे तिचे बुडबुडे फुटण्याऐवजी एकावर एक रचले जातात, आणि एवढी सारी तयारी कित्येक मिनिटे निमूटपणे चालल्यानंतर अखेरच्या काही क्षणांत तो फेस काठाबाहेर येतो. पातेले वेळेवर वर्दी देत असते. ती घेण्यास तेथे कोणी हजर नसते, इतकेच.

गेल्या पावसाळ्यात सातारच्या आमच्या घरी हेच घडले. आईने ऐंशी ओलांडली आहे. ती एकटी राहते, स्वतःचा स्वयंपाक स्वतः करते, आणि तिला तसेच राहायचे आहे. सकाळी दूध गॅसवर ठेवून ती फोन घेण्यास बाहेरच्या खोलीत गेली आणि बोलण्यात गुंतली. दूध उतू गेले, त्याने बर्नर विझला, आणि विझलेल्या बर्नरमधून गॅस मात्र वाहत राहिला. या गॅसला मूळचा वास जवळजवळ नसतोच. गळती कळावी म्हणून त्यात इथिल मर्कॅप्टन नावाचे उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळलेले असते. परंतु वार्धक्यात ज्या इंद्रियांची शक्ती मंदावते त्यांत घ्राणेंद्रियही असते, आणि आईला तो वास आला नाही. तो आला जिन्यावरून जाणाऱ्या शेजारच्या काकूंना. त्यांनी दिव्याच्या बटणाला हात न लावता आधी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या आणि मग आईला हाक मारली. हा गॅस हवेच्या दीडपट ते दुप्पट जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो, आणि हवेत त्याचे प्रमाण शेकडा दोनच्या आसपास गेले की पेटण्यास एक ठिणगी पुरते. काकूंना हे आकडे ठाऊक नव्हते. काय करावे हे मात्र अचूक ठाऊक होते. काकू त्या वेळी जिन्यावर नसत्या तर, हा विचार त्यानंतर कित्येक रात्री माझ्या मनातून गेला नाही.

मी तीस वर्षे एका साखर कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंट विभागात नोकरी केली. बॉयलरवर काय काय बंदोबस्त असतो याची यादी सामान्य माणसापुढे ठेवली तर त्याला आश्चर्य वाटेल: वाफेचा दाब मर्यादेपलीकडे गेला की आपोआप उघडणारी झडप, पाण्याची पातळी उतरल्याची सूचना देणारी घंटा, जुन्या धाटणीच्या बॉयलरांत पाणी आटून भट्टीचे छत उघडे पडल्यास वितळून विस्तवावर वाफ सोडणारी मऊ धातूची खीळ, आणि या सर्वांवर १९२३ सालच्या कायद्यापासून चालत आलेली सरकारी बॉयलर निरीक्षकाची तपासणी. अग्नी जेथे मोठा आहे तेथे त्याच्यावर पहारा असलाच पाहिजे, हे तत्त्व आपण शंभर वर्षांपूर्वी कायद्याने मान्य केले. अग्नी जेथे लहान आहे, परंतु घरोघर आहे, दिवसातून दोन-तीनदा पेटतो आहे, आणि त्याच्यासमोर बहुधा एकटी स्त्री उभी आहे, तेथे मात्र सारा पहारा तिच्याच डोळ्यांवर, कानांवर आणि नाकावर सोपवून आपण मोकळे झालो. ही वहिवाट बदलली पाहिजे असे माझे स्पष्ट मत आहे. आणि ती बदलण्याचे साधन म्हणजे स्वतःचे तापमान जाणणारे पातेले व त्याचा हुकूम मानणारी शेगडी.

असे म्हणताच, मोबाइलला जोडलेली, पदार्थांच्या कृती पडद्यावर दाखवणारी आणि दूर बसून चालू करता येणारी ‘स्मार्ट’ भांडी वाचकांच्या डोळ्यांपुढे येतील. मला ती अभिप्रेत नाहीत. स्वयंपाक यंत्राकडे सोपवावा असे मी सुचवीत नाही. मला आचारी नको, पहारेकरी हवा आहे. आच कमी करण्याचा आणि बंद करण्याचा, एवढाच अधिकार त्याला असावा. आच वाढवण्याचा किंवा शेगडी पेटवण्याचा अख्त्यार त्याला कदापि नसावा. तो शेगडीसमोर उभ्या असलेल्या माणसाच्या हातीच राहिला पाहिजे. मुंबईत बसून सातारची शेगडी पेटवता येणे याला मी सोय म्हणणार नाही, कारण पेटवणाऱ्याला त्या शेगडीवर पातेले आहे की कोणी पुसण्याचे फडके ठेवले आहे हे दिसत नसते. शिवाय जे भांडे आपले काम करण्यासाठी परमुलखातील एखाद्या कंपनीच्या संगणकाची परवानगी मागते, ते त्या कंपनीने दुकान गुंडाळले त्या दिवशी मुके होते. पातेल्याची अक्कल पातेल्यात असावी. फार तर शेगडीत असावी.

अशा पहाऱ्याची कल्पना काही नवी नाही, आणि तिचा एक सुंदर नमुना जपानने जगाला दिला आहे. १९५५ साली तोशिबा कंपनीने विजेवर चालणारे भाताचे जे भांडे बाजारात आणले, त्यामागे मिनामी योशितादा नावाच्या छोट्या कारखानदाराचे आणि त्याची पत्नी फुमिको हिचे परिश्रम होते. भात किती वेळ उकळला म्हणजे नीट होतो, याच्या चाचण्या त्या गृहिणीने घरी वारंवार केल्या होत्या. त्या भांड्याला एकात एक अशी दोन पातेली होती. बाहेरच्या पातेल्यात मोजून पेलाभर पाणी घालावयाचे. ते पाणी आहे तोवर तापमान शंभर अंशांच्या पुढे जात नाही. ते संपूर्ण आटले की तापमान एकदम चढू लागते, दोन धातूंची एकत्र जोडलेली पट्टी त्या उष्णतेने वाकते आणि वीज तोडते. पाणी संपले ही गोष्ट पाण्याकडे न पाहता केवळ बुडाच्या तापमानावरून ओळखणे, यात सारी करामत आहे. पुढे त्या पट्टीची जागा एका विशिष्ट चुंबकीय द्रव्याने घेतली, जे शंभराच्या थोड्या वर गेले की आपले चुंबकत्व सोडते आणि स्प्रिंगने खटका खाली पडतो. त्यात संगणक नाही, कसला हिशेब नाही, आणि तरीही ते भांडे आपले काम वर्षानुवर्षे बिनचूक करीत राहते.

आपल्याकडेही या विचाराची माणसे झाली. कलकत्त्याचे डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० साली इकमिक कुकर बनवला. त्यात खाली थोडा कोळसा पेटवून वरच्या डब्यांत डाळ, भात, भाजी लावली की विस्तवापाशी बसून राहण्याची गरज उरत नसे. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने पुढे आणलेल्या सराई कुकरात उसाच्या पाचटापासून केलेल्या कोळशाच्या शंभर-एक ग्रॅम कांड्यांवर कुटुंबाचा वाफवलेला स्वयंपाक होतो, आणि कोळसा संपला की आच आपोआप संपते. इंधनच मोजून द्यावे म्हणजे अग्नीला मर्यादा ओलांडताच येणार नाही, ही युक्ती मला फार आवडते. आणि प्रेशर कुकर तर १९५९पासून आपल्या देशात तयार होत आहे. त्याच्या झाकणावरची सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणून आपण जी लहानशी गोल टिकली ओळखतो, ती म्हणजे बॉयलरच्या त्या मऊ धातूच्या खिळीचेच धाकटे भावंड. आतले पाणी आटले की ती वितळते. तात्पर्य, तापमान जाणणारा एक पहारेकरी मराठी घरात फार पूर्वीच दाखल झालेला आहे; फक्त त्याचा आवाज खालच्या शेगडीपर्यंत पोहोचत नाही. टिकली वितळते, वाफ सुटते, आणि बर्नर पूर्वीसारखाच जळत राहतो.

हा आवाज शेगडीपर्यंत पोहोचवावा म्हणून मी निवृत्तीनंतर घरी एक पातेले तयार करण्यास घेतले. तापमान मोजावयाचे कोठे, हा पहिला प्रश्न. झाकणात मोजले तर वाफेचे कळते, बुडाचे कळत नाही, आणि करपणे तर नेहमी बुडापासून सुरू होते. पाणी किंवा दूध पातळ असल्यामुळे खालचे तापलेले वर आणि वरचे थंड खाली असे फिरत राहते. परंतु पिठले, खीर किंवा आटत आलेली बासुंदी दाट झाली की हे फिरणे मंदावते, बुडाशी एक थर बसतो, त्या थरातील पाणी निघून जाते, आणि वर अजून नीट उकळीही नसताना खाली तापमान शंभराच्या कितीतरी पुढे गेलेले असते. आपण ‘बुडाला लागले’ म्हणतो ते हे. म्हणून लेथवाल्याकडे जाऊन हिंडालियमच्या एका जाड पातेल्याच्या दोन सूत जाडीच्या बुडात कडेकडून मध्याच्या जवळपर्यंत एक सुताचे भोक पाडून घेतले आणि त्यात पोलादी नळीतील थर्मोकपल बसवले. दोन निरनिराळ्या धातूंच्या तारा टोकाशी जोडून ते टोक तापवले तर त्यांत विद्युत्दाब निर्माण होतो, हा शोध जर्मन शास्त्रज्ञ सेबेक याने १८२१ साली लावला. कारखान्यात आम्ही जे थर्मोकपल वापरत असू ते एका अंशाला सुमारे चाळीस मायक्रोव्होल्ट देते, म्हणजे उकळत्या पाण्यालाही जेमतेम चार हजारांश व्होल्ट. एवढ्या क्षीण आवाजात बोलणाऱ्या साक्षीदाराचे म्हणणे ऐकून, ते वाढवून, शेगडीच्या खटक्यापर्यंत नेणारे लहानसे मंडल मी जोडले.

प्रयोग गॅसवर केला नाही, विजेच्या शेगडीवर केला, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. गॅसच्या नळीला अगर झडपेला हात लावणे हे घरगुती कारागिराचे काम नव्हे, आणि वाचकांपैकी कोणी तसे करू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. विजेच्या बाबतीतही दोन बंधने मी पहिल्याच दिवशी घालून घेतली. थर्मोकपलची तार तुटली तर यंत्राने ‘पातेले थंड आहे’ असे न समजता ‘माझा साक्षीदार नाहीसा झाला आहे’ असे समजून वीज तोडावी. आणि वीज तोडणाऱ्या रिलेचे संपर्क वितळून एकमेकांना चिकटले तर मागे एक स्वतंत्र थर्मल फ्यूज असावा. पहारेकरी झोपला तर दरवाजा उघडा राहता कामा नये, बंद झाला पाहिजे. आमच्या व्यवसायात हा पहिला धडा असतो.

दूध उतू जाणे थांबेल अशी माझी खात्री होती, आणि पहिल्याच दिवशी ते उतू गेले. पातेले शहाण्णव अंशांवर आल्याबरोबर यंत्राने वीज इमानाने तोडली होती. पण शेगडीची बिडाची तबकडी तोवर लालीस आली होती, आणि तिच्यात साठलेली उष्णता पुढे कितीतरी वेळ दुधात उतरत राहिली. मर्यादा पंच्याऐंशीवर आणली तर चार पेले दुधाला ती ठीक झाली, आणि पेलाभर दुधाला अपुरी पडली, कारण थोडे दूध फार वेगाने तापते. तेव्हा मला निकोलस मिनॉर्स्की या रशियात जन्मलेल्या अमेरिकी अभियंत्याची आठवण झाली. जहाजाचे सुकाणू धरणारा कसबी खलाशी नेमके काय करतो, याचे निरीक्षण करून त्याने १९२२ साली असे मांडले की खलाशी केवळ ‘जहाज आत्ता किती भरकटले आहे’ एवढेच पाहत नाही; ते किती वेगाने भरकटत आहे आणि आजवर एकूण किती भरकटत आले, हेही तो मनात धरतो. आज जगभरच्या कारखान्यांत तापमान आणि दाब आवरणारी नियंत्रके याच तीन प्रश्नांवर चालतात, आणि मी स्वतः तीस वर्षे त्यांच्या किल्ल्या पिळल्या. असे असून माझ्या पातेल्याला मी एकच प्रश्न विचारण्यास शिकवले होते. दर दोन सेकंदांनी तापमान किती चढले हे मोजून, चढ जलद असेल तर लवकर आणि मंद असेल तर उशिरा वीज तोडावी, एवढा फरक करताच दूध काठापर्यंत येऊन थांबू लागले.

याहून मोठा धडा मला आईच्या तुपाने दिला. ती लोणी कढवते तेव्हा कढईकडे फारसे पाहत नाही. पाठमोरी दुसरे काम करता करता ऐकत असते. लोण्यात पाणी आहे तोवर तडतड चालते; ती विरळ होऊन थांबली की आई वळते, आच मंद करते, बेरी बदामी होईपर्यंत थांबते आणि आच बंद करते. कढईत तापमापक सोडून मी टिपत गेलो तेव्हा दिसले की तडतड चालू असेपर्यंत पारा शंभराच्या आसपास घुटमळतो, ती थांबल्याबरोबर भराभर चढू लागतो, आणि बेरीला तिला हवा तो रंग येतो तेव्हा तो एकशेपंधराच्या आगेमागे असतो. जपानी भाताच्या भांड्यातली दोन धातूंची पट्टी जे बुडाच्या उष्णतेवरून जाणते, पाणी संपले म्हणून, तेच आई सत्तर वर्षे कानाने जाणत आली आहे. म्हणून अशी भांडी ज्यांना बनवावयाची आहेत त्यांनी आधी कागदावर आकडे मांडू नयेत. आधी महिनाभर घरच्या आणि शेजारच्या स्वयंपाकघरांत वही घेऊन बसावे. आधण केव्हा आले म्हणावे, भात कधी मुरू द्यावा, पाक गोळीबंद झाला हे बोटांना कसे कळते, यांचा सगळा तपशील तेथे आहे, आणि त्यातील बहुतेक प्रत्येक गोष्टीला तापमापकावर एक जागा आहे. गोळीबंद पाक एकशेबारा ते एकशेसोळा अंशांत मिळतो, कारण पाकातले पाणी जसजसे कमी होते तसतसा त्याचा उत्कलनबिंदू चढत जातो.

इंधनाचा हिशेबही याच मुद्द्याशी जोडलेला आहे. पाणी एकदा खळाळून उकळू लागले की आच कितीही मोठी केली तरी उघड्या पातेल्यात ते शंभर अंशांच्या वर तापत नाही, आणि बटाटा काही लवकर शिजत नाही. जादा आच निव्वळ वाफ करण्यात खर्ची पडते. एक लिटर पाणी पंचवीस अंशांवरून उकळीस आणण्यास जेवढी उष्णता लागते, तिच्या सातपटीहून अधिक तेवढेच पाणी वाफ करून उडवण्यास लागते. उकळी आल्याबरोबर आच आपोआप मंद करणारे पातेले रोज किती गॅस वाचवील हे घराघराच्या सवयीवर अवलंबून आहे, परंतु ज्या घरात सिलिंडर महिनाअखेरीपर्यंत पुरवताना तारांबळ होते, तेथे हा फरक खचित जाणवेल.

आता शेगडीकडे येतो, कारण खरा आग्रह मला तिच्याविषयी धरायचा आहे. ज्योत विझली की गॅस बंद करणारी झडप ही अत्यंत साधी, जुनी आणि बिनविजेची वस्तू आहे. बर्नरशेजारी थर्मोकपलचे टोक ज्योतीत असते. ते तापून वीस-तीस मिलिव्होल्ट निर्माण करते. तेवढ्या दाबाने वाहणारा प्रवाह एका लहान विद्युत्चुंबकाला पुरतो, आणि तो चुंबक झडप उघडी धरून ठेवतो. दूध उतू जाऊन ज्योत विझली की टोक थंड होते, चुंबकाची पकड सुटते आणि स्प्रिंग झडप मिटवते. लोडशेडिंग असो वा नसो, तिला फरक पडत नाही. ज्या ज्योतीवर पहारा ठेवायचा तिच्याच उबेवर हा पहारेकरी जगतो. याच मंडलात पातेल्याच्या बुडाला टेकणारा, ठराविक उष्णतेला उघडणारा एक खटका ओवला, तर पातेले कोरडे पडताच प्रवाह तुटेल आणि गॅस बंद होईल. बॅटरी नको, मोबाइल नको, दुरुस्तीला परदेशी तंत्रज्ञ नको. आणि तरीही आपल्या बाजारातील साध्या दोन बर्नरच्या शेगडीत ज्योत विझल्यावर मिटणारी ही झडपसुद्धा सहसा नसते. ती महागड्या शेगड्यांची शोभा होऊन राहिली आहे, जणू काय जीव वाचण्याचा हक्क किमतीच्या प्रमाणात वाटून द्यावयाचा आहे.

जपानने १ ऑक्टोबर २००८पासून घरगुती गॅस शेगड्यांच्या प्रत्येक बर्नरवर ही झडप आणि तेल फाजील तापण्याआधी आच तोडणारा संवेदक, दोन्ही कायद्याने सक्तीचे केले. केवळ एका बर्नरच्या सुट्या शेगड्या त्यातून वगळल्या. तळणीचे तेल साडेतीनशे अंशांच्या पलीकडे स्वतःहून पेट घेते. तेथील संवेदक अडीचशेच्या सुमारास हस्तक्षेप करतो. बर्नरच्या मधोमध स्प्रिंगवर बसवलेली एक टोपी पातेले ठेवताच त्याच्या बुडाला चिकटते, एवढेच त्याचे बाह्य रूप. आपल्याकडे शेगडीच्या मानकात किती उष्णता पातेल्यात उतरली पाहिजे याचा दंडक आहे. भारतीय मानक ब्यूरोने त्याच मानकात ज्योत विझल्यावर मिटणारी झडप प्रत्येक बर्नरसाठी अनिवार्य करावी, आणि तापमान-संवेदकासाठी मुदत ठरवून द्यावी. सरकार गरीब घरांना जी जोडणी देते, तिच्याबरोबरच्या शेगडीपासून या नियमाचा अंमल सुरू व्हावा. कारण लहान खोलीत, एकाच खिडकीच्या घरात, गळलेला गॅस अधिक लवकर साचतो.

या तजविजीवर मराठी स्वयंपाकघराचा एक वाजवी आक्षेप आहे आणि तो मानकात लिहिला गेला पाहिजे. आपल्याकडे वांगे थेट ज्योतीवर भाजतात, पापड भाजतात, भाकरी तव्यावर एक अंग शेकून दुसऱ्या अंगाने विस्तवावर फुगवतात, खोबरे आणि तीळ कोरड्या कढईत परततात. या प्रत्येक वेळी पहारेकरी धोका समजून आच तोडील, आणि चार वेळा अशी अडवणूक झाली की घरातले कोणीतरी ती टोपी कायमची बांधून टाकील. म्हणून जपानी शेगड्यांत असते तशी, भाजण्यापुरती सवलत देणारी आणि थोड्या वेळाने आपोआप रद्द होणारी कळ आपल्याही शेगडीत हवी. तिची मुदत किती असावी हे प्रयोगशाळेत नव्हे, बाजरीच्या पाच-सहा भाकऱ्या करणाऱ्या बाईला विचारून ठरवावे.

आईच्या ओट्यावर सध्या माझे पातेले आणि विजेची शेगडी एका कोपऱ्यात आहे. मुठीतल्या वायरीला पाणी लागते म्हणून भांडी घासणाऱ्या मावशींनी पातेले घासण्यास साफ नकार दिला होता. मूठ काढून बाजूला ठेवता येईल असे केल्यावर त्यांनी संमती दिली. दूध, चहाचे आधण आणि बटाटे त्याच्यावर होतात. गॅसवर आई आता फक्त भाकरी करते, आणि भाकरी करताना ती शेगडीसमोरून हलत नाही.